पोचा पडलेली कळशी

हौसा गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओसरीवर बसून कावडीच्या कळशा घासत होतो. हौसा म्हणजे माझी बायको. तांब्याच्या दोन कळशा, चिंचेचा कोळ, मूठभर राख आणि नारळाची शेंडी, एवढा पसारा. एक तिच्यापुढं, एक माझ्यापुढं. पोचा पडलेली कळशी दरवर्षी ती स्वतः घ्यायची आणि चांगली माझ्याकडं सरकवायची. म्हणायची, "तुमच्या हातात पोच्याची दिली की तुमी त्या पोच्याकडंच बघत बसता, काम व्हत न्हाई." चिंच शेजारच्या दगडूच्या झाडाची होती. दगडूशी मी कैक वर्षं बोलत नव्हतो, कारण त्याच्या चिंचेचा पाला आमच्या अंगणात पडतो आणि तो फांदी छाटत नाही. हौसा मात्र रोज भिंतीवरून बोलायची. चिंच मागायची, विरजण मागायची, दळण उरकलं का विचारायची. मी म्हणालो, "त्याच्या दारची चिंच मला नको." ती म्हणाली, "तुमाला कोन देतंय? कळशीला लावतीया." मग थोड्या वेळानं डावा खांदा चोळत म्हणाली, "उद्या म्हशीची धार तुमी काढा. खांदा लई दुखतोय." मी म्हणालो, "ती मला लाथ घालती." ती म्हणाली, "मग कुनाला तरी धरायला बोलवा. तोंड हाय का न्हाई तुमाला?"

दुपारी भाकरी खाऊन ती भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

मला लिहायचंय ते पोच्याबद्दल. तो कसा पडला हे गावात तिला आणि मलाच माहीत होतं, आणि आता ती नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढ्या अक्षरांत जमेल तसं लिहितोय, नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. हौसाच म्हणायची, "एकदा लिहून टाका. वर गेल्यावर नाथानं इचारलं तर वही दाखवा. तोंडानं तर तुमी सांगनार न्हाई."

आमचं घर पाथर्डीच्या पुढं, जिथून जामखेडकडची वाट कोरडी होत जाते त्या अंगाला. धाब्याचं घर, दोन खण, पुढं ओसरी आणि ओसरीच्या आढ्याला आडवी बांधलेली कावडीची दांडी. वर्षभर ती दांडी तशीच असायची. वाऱ्यानं तिच्या टोकांची घुंगरं अधूनमधून वाजायची आणि आई भाकरी थापता थापता वर बघायची. मढीच्या कानिफनाथाला तेल लागलं, म्हणजे यात्रेआधीचा तेलाचा विधी झाला, की तिथून गुढीपाडव्यापर्यंत आमच्या घरात नाथाचे नियम लागायचे. तळण बंद. कढई चुलीमागं पालथी घालून ठेवायची. बाज भिंतीला उभी करायची, सगळ्यांनी जमिनीवर निजायचं. दाढीला वस्तरा लावायचा नाही. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्या महिन्यात दाढी वाढलेले असे वेगळेच दिसायचे, अंगणातलं कुत्रं सुद्धा एखाद वेळी त्यांच्यावर भुंकायचं. जेवायला बाजरीची भाकर, कारळाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. आई माडग्यात लसूण इतका ठेचून घालायची की शेजारच्या घराला कळायचं आज काय शिजलंय. मग आबा मोकळी कावड घेऊन पैठणला चालत जायचे, तिथं गंगेचं पाणी भरायचे, आणि पाडव्याच्या सकाळी मढीला नाथाच्या समाधीवर घालायचे. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. माझ्या आज्यापासून ही कावड कधी चुकली नव्हती.

मला मिसरूड फुटलं होतं त्या साली पाऊस झाला नव्हता. गावातली निम्म्याहून जास्त घरं कुलूप लावून ऊस तोडायला गेलेली, कुणी सोनईकडं, कुणी श्रीरामपूरकडं. आबांबरोबर दरवर्षी चालणारे सहाही गडी कारखान्यावर. आणि पैठणला निघायच्या चार दिवस आधी दगडानं भरलेल्या गाडीचं चाक आबांच्या उजव्या पायावरून गेलं. पाय भोपळ्यासारखा सुजला, बोटं काळी पडली. आबा ओसरीवर पडून आढ्याच्या दांडीकडं बघत राहायचे. पायाबद्दल बोलायचे नाहीत. दांडीबद्दलही बोलायचे नाहीत.

मी म्हणालो, "आबा, मी नेतो."

आबा म्हणाले, "तुला मागता येतं का?"

"काय मागायचं?"

"पानी न्यायला ताकद लागत न्हाई. ती तुझ्यात बैलावानी हाय. भरल्यावर कावड भुईला टेकत न्हाई, पर मानसाला टेकावं लागतं. बसावं लागतं, खावं लागतं, परसाकडं जावं लागतं. आमी सातजन असतो, एकमेकाची धरतो. तू एकला. मग वाटंनं जो दिसंल त्याला म्हनायचं, जरा धरता का. कुनी न्हाई म्हनत न्हाई. म्हन बरं."

मी म्हटलं नाही. म्हणालो, "बघतो की मी."

आई चुलीपासून बोलली, "ह्याचं काय घिऊन बसलाय. साळंत पेन्सिल मोडली तर शेजारच्याला मागत नव्हता. मातीत बोटानं लिव्हायचा."

ते खरं होतं. का, ते मला आजही सांगता येत नाही. कुणापुढं हात पसरला की तो हात आपला राहत नाही असं मला वाटायचं. ही खोड पुढं सगळा जन्म राहिली. मागायचं काम हौसानं केलं, आणि मी ताठ मानेनं गावात फिरलो.

आईनं जुन्या गोधडीची घडी घालून खांद्यासाठी गादी शिवून दिली. आबांनी आपल्या हातानं शिंकी बांधली. शिंकं म्हणजे दोरीची जाळी, तिच्यात कळशी बसते, आणि शिंकं दांडीच्या टोकाला अडकवायचं. जाताना काही त्रास झाला नाही, मोकळी कावड म्हणजे नुसतं कौतुक. पैठणला पाणी भरलं, कळशांच्या तोंडाला फडकी बांधली आणि पहाटेच निघालो. दांडी खांद्यावर बसली आणि घुंगरांचा आवाज पायाला येऊन मिळाला. भरल्या कावडीची चाल वेगळी असते. भराभर, गुडघ्यात वाकून. थांबलं की पाणी हिंदकळतं, चाललं की शांत राहतं. घोटणला देवळात कावडी अडकवायला आकडे होते, तिथं पोटभर विसावा घेतला. शेवगावात मुक्कामालाही तशीच सोय होती. त्यामुळं पहिला दिवस कुणाला काही मागावं लागलं नाही आणि मला वाटलं, आबा उगाच घाबरवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवगावच्या बाहेर एका चहाच्या टपरीवाल्यानं स्वतःहून हाक मारली. "ये रं नाथाच्या, आन हिकडं, मी धरतो. च्या पी." मी नको म्हणालो. तो म्हणाला, "पैसं न्हाई मागत." मी न बघता पुढं गेलो. अमरापूरच्या अलीकडं खुरपणाऱ्या बायांनी बांधावरून विचारलं, "पोरा, सावलीला बसतो का घडीभर?" मी मान हलवली. तोवर उन्हं चढली होती. रस्त्याला झाड नाही, देऊळ नाही, आणि मला जोराची लघवी लागलेली. हसायला येतं आता. पण भरली कावड खांद्यावर घेऊन माणसानं काय करावं, सांगा. दांडी सोडता येत नाही, वाकता येत नाही, आणि ती अंगावर असताना तसलं काही करता येत नाही. दोन कोस मी दात आवळून चाललो. मागितलं नाही.

अमरापूर मागं पडल्यावर एका कोरड्या ओढ्याच्या काठी बाभूळ दिसली. दोन फांद्यांचं चांगलं बेचकं होतं, माझ्या डोक्याच्या उंचीला. मी म्हटलं, हाच आपला गडी. याला मागावं लागत नाही. दांडी त्या बेचक्यात टाकली, दोन्ही कळशा दोन्ही बाजूंनी लोंबत्या राहिल्या, भुईपासून हातभर वर. दोन पावलं मागं सरून बघितलं, छान राहिली होती. मग भाकरीचं फडकं सोडलं. भुकेपुढं लघवीची कळ जिरल्यासारखी झाली होती, म्हणून आधी दोन घास खाऊ, मग ओढ्यात जाऊन येऊ, असं ठरवलं. पहिल्या घासाबरोबर डोळा लागला. सबंध सकाळ उन्हात चाललेलो.

घुंगरांनी जाग आली. उभ्या कावडीची घुंगरं वाजायला नकोत. डोळे उघडले तर दांडी एका अंगाला कलंडत होती. मी उठेपर्यंत वरच्या टोकाचं शिंकं घसरत घसरत आलं, बेचक्याला अटकलं, दोरी तुटली आणि कळशी सुटली. खाली खडक होता. तो आवाज मी अजून ऐकतो. तांब्याचा आवाज आधी आला आणि पाण्याचा मागून. दांडी बेचक्यात अडकून राहिली, दुसरी कळशी भुईला लागता लागता वाचली. पहिली ओढ्याच्या कडेला आडवी पडलेली, कुशीत मूठभर पोचा, आणि पाणी मातीत गेलेलं. नुसता ओला डाग राहिला होता आणि तोही बघता बघता वाळत होता.

उद्या पाडवा. परत पैठण गाठून यायचं तर पाडवा हुकला. आबा ओसरीवर काळी बोटं घेऊन पडलेले. आज्यापासूनची कावड माझ्या हातून भुईला टेकली. मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. आणि कुणी नाही म्हटल्यावर माणसाच्या मनात येतं ते माझ्याही आलं. शंभर पावलांवर पायऱ्यांची विहीर होती. एक कळशी गंगेची आहे, दुसरी विहिरीची झाली तर कळणार कुणाला? पाण्यावर काय नाव लिहिलेलं असतं?

एक कळशी लटकलेली कावड खांद्यावर घेतली. एका बाजूला ओझं, दुसऱ्या बाजूला मी हातानं दांडी दाबून धरलेली, आणि त्याच हाताच्या कोपरात रिकामी कळशी. असा वाकडातिकडा विहिरीच्या तीन पायऱ्या उतरलो. पाणी अजून खोल होतं. पुढची पायरी उतरणार तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय रं, हिरीला गंगा पाजतो व्हय?"

वर एक म्हातारी उभी होती. डोईवर पदर, हातात निंबाची काठी, तोंडात तंबाखू. तिच्या मागं आठ-दहा गाढवं, गाढवांवर बिऱ्हाड, आणि एक दांडगा तरणा गडी, तिचा लेक. बेलदार होते. दगडमाती वाहणारे, मढीच्या यात्रेतल्या गाढवांच्या बाजाराला निघालेले. म्हातारी विहिरीपासून दहा हात लांब थांबली होती. ते सवयीनं. आमच्या गावातही त्या लोकांना विहिरीवर चढू देत नव्हते. गावाबाहेर कापडाचं पाल ठोकलं की दुसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस जाऊन उठवायचा. मी स्वतः लहानपणी त्यांच्या गाढवांना दगड मारलेत. लिहायचंच तर सगळं लिहितो.

मी म्हणालो, "पानी पितो."

"कळशीनं?"

ती पुढं म्हणाली, "वर ये. अन् आधी मुतून ये. पाय कसं टाकतोय बघ, व्यालेल्या शेळीवानी." मग त्या गड्याला म्हणाली, "मारत्या, धर त्याची कावड."

मी वर आलो. मारत्यानं खांदा पुढं केला. मी मागं सरकलो नाही, कारण मागं सरकायची ताकदच नव्हती. दांडी त्याच्या खांद्यावर गेली आणि मी ओढ्याकडं पळालो. तिथं बसून रडलोही थोडा. दोन्ही कामं एकदमच झाली.

परत आलो तर म्हातारी कळशीचा पोचा बोटांनी चाचपत बसली होती. तिचं नाव गुंजाबाई, ते मला नंतर कळलं.

"कुठं पडली?"

"त्या बाभळीखाली."

"टेकली म्हंजी."

"टेकली."

"अन् हिरीचं भरत हुतास."

"व्हय."

ती हसली नाही की रागावलीही नाही. म्हणाली, "नाथाला हिरीचं पानी अन् गंगेचं पानी येगळं कळतं का, मला ठाव न्हाई. तुला कळतंय. तू रोज त्याच्याजवळ निजनार हाईस, त्या कळन्याच्या." मग काठीनं एका पांढऱ्या गाढवीकडं दाखवलं. तिच्या पाठीवर गोधड्यांच्या मधोमध तेलाचा पत्र्याचा डबा बांधलेला होता, तोंडाला मेण लावून. "गंगा हाय त्यात. परवा भरली. माझा म्हातारा दरसाल पाठीवर न्यायचा. आवंदा तो न्हाई. आमच्याकडं कावड न्हाई, मग काशीच्या पाठीवर घातली. काशीनं एकदा सुद्धा खाली टेकवली न्हाई." मारत्या हसला. गाढवीचं नाव काशी होतं.

मी त्या डब्याकडं बघत राहिलो. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि तिला सगळं दिसलं.

"घे म्हननार न्हाई मी," ती म्हणाली. "तुमच्यात आमच्या हातचं चालत न्हाई, मला ठाव हाय. मागशील तर दीन. न्हाईतर ती हिर हाय तुझी."

आणि ती खरंच तोंड फिरवून गाढवाचं ओझं आवळायला लागली.

आज सत्तरी उलटून गेल्यावर मी चांगला माणूस होतो असं लिहायला सोपं आहे. पण मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मारत्याच्या खांद्यावर आबांची दांडी होती आणि माझ्या मनात आलं की हे गावाला कळलं तर उरलेली कळशीही बाटली म्हणतील. मला त्या वेळी नाथ आठवला नाही, आबांचा पायही नाही. आईचं ते बोलणं आठवलं, मातीत बोटानं लिहिणाऱ्या पोराचं. मातीत लिहिलेलं पुसून जायचं आणि गुरुजी विचारायचे, कुठंय तुझं गणित, आणि माझ्याकडं दाखवायला काही नसायचं. छड्या खायच्या, पण मागायचं नाही. मला त्या पोराचा एकदम राग आला.

मी म्हणालो, "मावशी, द्या."

ती वळली नाही. "किती?"

"निम्मं."

"आता कसं बोललास," ती म्हणाली.

तिनं आधी डब्याला हात लावला नाही. आपल्या भाकरीच्या गाठोड्यातली चिंच काढली, ओढ्यातली बारीक वाळू घेतली आणि कळशी आतून बाहेरून घासली. भुईला टेकलेली जागा तर इतकी घासली की तांबं नव्यासारखं लाल दिसायला लागलं. मारत्या म्हणाला, आतून ठोकून पोचा काढतो, माझ्याकडं हातोडी आहे. ती म्हणाली, "राहू दे. नीट झाली तर इसरून जाईल." मग मी कळशी धरली, हवेत, भुईपासून वर, आणि तिनं डबा कलता केला. ती डब्यात बघत होती, कळशीत बघत होती. बरोबर निम्म्यावर थांबली. आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं पाणी तिनं मला निम्मं दिलं, आणि डब्याला परत मेण लावताना पदरानं त्याची कड पुसली. मारत्यानं सुतळीनं माझं तुटलेलं शिंकं बांधलं. मग दोन बेचकी काठ्या भुईत रोवल्या आणि कावड त्यांच्यावर बसवली. एकट्याला ते जमत नाही, दोन माणसं लागतात. मग आम्ही जेवलो. त्यांच्याकडंही हुलग्याचं माडगं होतं, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाडग्यात, लसूण कमी आणि मिरची भरपूर. मी वाडगा संपवला आणि म्हणालो, "मावशी, आनखी हाय का?"

मारत्या म्हणाला, "झालं. लागली सवय."

तिथून आम्ही बरोबर चाललो. गाढवांच्या गळ्यातली घुंगरं आणि कावडीची घुंगरं एकात एक मिसळत होती. मी थकलो की नुसतं म्हणायचो, "मारुती, जरा धरतो का," आणि तो यायचा. पहिल्यांदा म्हणताना मी गाढवांकडंच बघत होतो. चौथ्यांदा कावड देताना मी त्याला, डावा खांदा लाव, उजव्यावरनं तुझी दांडी घसरतीया, असं शिकवायलाही लागलो. म्हातारी मागून म्हणाली, "बघा, मागनारा आता मुकादम झाला."

तिसगाव आलं तेव्हा दिवस कलला होता. कावड त्या वेळी मारत्याच्या खांद्यावर होती. आणि चौकातल्या चहाच्या दुकानासमोर माझे चुलते उभे. ते कारखान्यावरून यात्रेसाठी एसटीनं आले होते. त्यांनी आधी दांडी ओळखली, मग मला.

"अरं, कुनाच्या खांद्यावर दिलीस ही? आपल्या घरची कावड हाय."

मारत्या थांबला. त्यानं खांदा माझ्याकडं वळवला, कावड परत द्यायला. म्हातारी काशीच्या आड सरकली. त्यांना हे रोजचं होतं. मी कावड घेतली असती तर कुणीच काही बोललं नसतं, तीही नाही.

मी म्हणालो, "माझ्या मावसभावाच्या खांद्यावर हाय."

"मावसभाऊ? तुला कोन मावशी हाय रं? तुझी आई एकली."

"हाय. आज दुपारपासनं."

चुलते रस्त्यावर थुंकले आणि दुकानात गेले. मारत्या चालायला लागला. पण चांगला अर्धा कोस त्यानं मला कावड परत दिली नाही, मी दोनदा मागूनही.

पाडव्याच्या सकाळी मढीचा गड चढलो. ती गर्दी, ती उधळलेली रेवडी, डफांचा आवाज, कुणाचा पाय कुणाच्या पायावर. समाधीजवळ मी दोन्ही कळशा एका पाठोपाठ रिकाम्या केल्या. पोच्याची आधी. माझ्या मागून म्हातारीनं डबा ओतला. मी मागं वळून बघेपर्यंत गर्दीनं तिला बाजूला नेलं होतं. खाली बाजारात हजारो गाढवं, आणि प्रत्येक पांढरी गाढवी काशीच वाटायची. दुपारपर्यंत शोधलं. तिचं गाव विचारायचं राहूनच गेलं होतं. हे मी लग्नानंतर पहिल्यांदा हौसाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं सगळं मागितलं, अन् गावाचं नाव तेवढं न्हाई मागितलं." तिथून पुढं कितीतरी वर्षं ती माझ्याबरोबर मढीला यायची ते गाढवांच्या बाजारात फिरायला. प्रत्येक म्हातारीला विचारायची, तुमच्यात कुनी गुंजाबाई हाय का. नाही सापडली. मग गावाबाहेर पाल पडलं की हौसा भाकरी आणि चिंचेचं पाणी घेऊन जायची, आणि पाटलाचा माणूस यायच्या आत त्यांना आमच्या पडीक रानात उतरवायची.

घरी पोचलो तर चुलत्यांचा निरोप माझ्या आधी पोचलेला. ओसरीवर दोन-चार माणसं बसली होती. आबांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "त्यांनी कावड वढून घेतली, का तू मदत मागितलीस?"

"मी मागितली."

"मग झालं," आबा म्हणाले. माणसं उठून गेली. आबांनी कळशी जवळ घेतली, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांची दोन बोटं गेली, पाय राहिला, आणि पुढच्या साली आम्ही दोघं मिळून पैठणला गेलो.

हौसाचं सगळं त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत आटोपलं. घासलेल्या कळशा ओसरीवर तशाच उन्हात ठेवलेल्या होत्या, कुणीतरी आत नेल्या. सुतक असल्यामुळं यंदा कावड आमच्या घरातून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे झोपलेले असताना म्हैस हंबरायला लागली. आदल्या संध्याकाळी तिची धार कुणी काढलीच नव्हती. कास दगडासारखी झालेली. मी चरवी घेऊन गोठ्यात गेलो, खाली बसलो, तिनं लाथ घातली. पुन्हा बसलो, पुन्हा घातली. तिचं पारडू दोरी तोडायला बघत होतं. खुंटीवर हौसाचं जुनं लुगडं होतं, ती धार काढताना अंगावरून घ्यायची ते. शेणाचा, दुधाचा आणि तिचा वास त्याला होता. मी ते डोक्यावरून घेतलं, पुढं ओढून खांद्यावर खोचलं. म्हैस माझ्याकडं वळली आणि हुंगायला लागली. पण पारडू आवरत नव्हतं आणि माझे हात दोनच.

मी तसाच भिंतीपाशी गेलो आणि म्हणालो, "दगडू, जागा हाईस का? पारडू जरा धरतो का?"

तो भिंतीला वळसा घालून आला. माझ्या डोक्यावरचं लुगडं त्यानं बघितलं. पारडू ओढून पोटाशी धरलं. मी खाली बसलो.

"घरात विरजण न्हाई," मी म्हणालो. "वयनीकडं असंल तर दे."

"आनतो," दगडू म्हणाला. "आधी धार काढ. पान्हा सोडलाय तिनं."

मी म्हशीच्या कुशीला डोकं लावलं आणि चारी सड मोकळे होईपर्यंत धार काढली.